एफओबी, सीआयएफ, बीएल, डेमरेज... मालवाहतुकीच्या कागदांवरचे शब्द: नक्की कुणाच्या माथी काय?

नवा निर्यातदार

नमस्कार मंडळी. आमचा पितळी व्हॉल्व्ह बनवण्याचा छोटा कारखाना आहे. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने पहिल्यांदाच सहा पेट्यांची ऑर्डर देऊ केली आहे आणि दर ‘एफओबी’ कळवा म्हणतोय. फ्रेट फॉरवर्डरकडे (माल पाठवायची व्यवस्था करून देणाऱ्याकडे) चौकशी केली तर त्याने पानभर कोटेशन पाठवलं: ओशन फ्रेट, टीएचसी, बीएएफ, सीएफएस चार्जेस, बीएल फी, व्हीजीएम, ‘एलसीएल पर डब्ल्यू/एम’, कटऑफ, फ्री टाइम. फोन करून विचारलं तर उत्तर एकच, ‘साहेब, सगळं स्टँडर्ड असतं.’

लाँगफॉर्म नेटवर मिळतात हो. पण एफओबी म्हणजे ‘फ्री ऑन बोर्ड’ हे कळून मला काय मिळालं? मला हवंय ते असं की या शब्दामुळे खर्च कुणाचा, जोखीम कुणाची आणि माल बुडाला तर रडायचं कुणी. जाणकारांनी कृपया सांगावं.

कागदोपत्री

प्रश्न बरोबर विचारलात. निर्यातीच्या कागदपत्रांवरच पोट असल्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमच्या त्या पानावर तीन-चार वेगवेगळ्या करारांतले शब्द एकत्र नांदतायत. एफओबी, सीआयएफ, डीडीपी हे तुमच्या आणि गिऱ्हाइकाच्या विक्रीकरारातले. बीएल (बिल ऑफ लेडिंग), फ्रेट म्हणजे भाडं, टीएचसी म्हणजे टर्मिनलवरचा हाताळणी खर्च, फ्री टाइम हे वाहतुकीच्या करारातले. त्यात एका बाजूला जहाजकंपनी किंवा फॉरवर्डर असतो. विम्याची भाषा तिसरी. गिऱ्हाईक एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, बँकेची पैशांची हमी) उघडणार असेल तर बँकेची चौथी. शब्द समोर आला की आधी विचारायचं, हा कुठल्या करारातला? निम्मी भांडणं यातूनच होतात की माणूस विक्रीकरारातला शब्द घेऊन जहाजकंपनीशी वाद घालायला जातो. जहाजकंपनीला तुमच्या एफओबीशी काडीचं घेणंदेणं नसतं.

आता एफओबी. हे शब्द इन्कोटर्म्स नावाच्या नियमावलीतले. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने ती १९३६ मध्ये पहिल्यांदा काढली, सध्याची आवृत्ती २०२० ची. एकूण अकरा अटी. त्यातल्या चारच, म्हणजे एफएएस, एफओबी, सीएफआर आणि सीआयएफ, फक्त जलवाहतुकीसाठी आहेत. बाकी सात कुठल्याही वाहतुकीला चालतात. प्रत्येक अट मुख्यतः तीन गोष्टी ठरवते: माल कुठे ‘पोचता’ झाला असं धरायचं, तिथून पुढची जोखीम कुणाची, आणि कुठला खर्च कुणी करायचा. मालकीहक्क कधी बदलतो आणि पैसे कधी द्यायचे हे इन्कोटर्म्स ठरवत नाही. ते तुमच्या करारात वेगळं लिहावं लागतं.

एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत सगळं तुमचं: कारखान्यापासून बंदरापर्यंतची वाहतूक, निर्यातीचं कस्टम्स, इकडचा टीएचसी. जहाजावर ठेवला गेला की जोखीम गिऱ्हाइकाची. समुद्री भाडं त्याने भरायचं, जहाज त्याने ठरवायचं.

खवचट

आणि इथेच गंमत आहे. धागाकर्त्याच्या सहा पेट्या, म्हणजे एलसीएल, कंटेनर इतरांबरोबर वाटून घ्यायचा. त्या तो सीएफएसच्या, म्हणजे कंटेनर भरण्या-रिकामे करण्याच्या, गोदामात देऊन येणार. तिथे त्या इतर लोकांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये भरल्या जाणार, कंटेनर टर्मिनलला जाणार, तिथे पडून राहणार आणि मग कधीतरी जहाजावर चढणार. या सगळ्या काळात पेटीला हातही लावायची मुभा नाही, पण एफओबी लिहिलंय म्हणून जोखीम मात्र त्याचीच! कंटेनरच्या मालासाठी एफओबी वापरणं चूक आहे हे इन्कोटर्म्स काढणारे स्वतःच सांगतात. एफसीए वापरा म्हणतात. ऐकतो कोण?

कागदोपत्री

@खवचट, नाव खवचट असलं तरी मुद्दा शंभर टक्के बरोबर. मी त्याच्याकडेच येत होतो.

एफसीए म्हणजे ‘फ्री कॅरियर’. त्यात ठरलेल्या जागी, गिऱ्हाइकाने नेमलेल्या वाहतूकदाराच्या ताब्यात माल दिला की तुमची जोखीम संपली. ती जागा तुमचा कारखाना असेल तर गाडीत चढवून देणं तुमच्याकडे. जागा दुसरीकडे, समजा सीएफएस, असेल तर तुमच्या गाडीतून उतरवायला तयार अशा स्थितीत माल तिथे पोचवला की झालं, उतरवण्याची जबाबदारी तुमची नाही. निर्यातीचं कस्टम्स दोन्हीकडे तुम्हीच करायचं.

एकच प्रश्न

मग सगळे एफसीएच का नाही लिहीत?

कागदोपत्री

दोन कारणं. एक सवय. दुसरं खरं कारण बँक. एलसीवर पैसे घ्यायचे असतील तर बँकेला बहुधा ‘ऑन बोर्ड’ शेरा असलेलं बिल ऑफ लेडिंग लागतं. एफसीएमध्ये विक्रेत्याचं काम गोदामापाशी संपतं, मग त्याच्या हातात ऑन बोर्ड बीएल यायचं कसं? विक्रीकरार एक सांगतो आणि बँकेचा करार दुसरं मागतो. २०२० च्या आवृत्तीत यावर तोड काढली: दोघांनी तसं ठरवलं तर गिऱ्हाइकाने आपल्या वाहतूकदाराला सांगायचं की माल चढल्यावर ऑन बोर्ड बीएल विक्रेत्याला दे. सोय आहे, पण ठरवून करारात घालून घ्यावी लागते. आपोआप मिळत नाही.

तांडेल

जहाजावरच्या माणसाकडून एक पुस्ती. पूर्वी एफओबीची सीमारेषा जहाजाचा कठडा होती. क्रेनला लटकलेली पेटी कठड्याच्या अलीकडे पडली तर विक्रेत्याची, पलीकडे पडली तर खरेदीदाराची. २०१० च्या आवृत्तीत ते काढून ‘जहाजावर ठेवल्यावर’ असं केलं. आम्हाला डेकवर याने कधीच फरक पडला नाही. पडलेली पेटी उचलायला दोन्ही वेळा आम्हीच.

आणि गिऱ्हाईक अमेरिकन असेल तर जास्त सावध राहा. तिथे अंतर्गत ट्रक वाहतुकीतही ‘एफओबी ओरिजिन’, ‘एफओबी डेस्टिनेशन’ असं सर्रास लिहितात, त्याचा इन्कोटर्म्सशी संबंध नाही. म्हणून अट लिहिताना जागा आणि आवृत्ती दोन्ही लिहा. नुसतं ‘एफओबी’ हे अर्धं वाक्य आहे.

नवा निर्यातदार

बाप रे. मला वाटलं होतं ही दर लिहायची पद्धत आहे फक्त. मग सीआयएफ दिलं तर? गिऱ्हाईक बोलता बोलता म्हणाला होता की सीआयएफही चालेल, म्हणजे माल त्याच्या बंदरात पोचेपर्यंत जबाबदारी माझी, असंच ना?

कागदोपत्री

नाही! या धंद्यातला सगळ्यात जास्त लोकांचा असलेला गैरसमज हाच असावा. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही त्याच्या बंदरापर्यंत भरता, पण जोखीम एफओबीसारखीच इकडच्या बंदरात, जहाजावर माल चढताच त्याच्याकडे जाते. खर्चाची रेघ एका ठिकाणी, जोखमीची दुसऱ्या ठिकाणी. वाटेत जहाज बुडालं तर तुम्ही त्याला कागद पाठवायचे, त्याने तुम्हाला पैसे द्यायचे, आणि विमा कंपनीकडे दावा त्याने करायचा. म्हणूनच विम्याची पॉलिसी त्याला दावा करता येईल अशी हवी.

जोखीम थेट त्याच्या गावापर्यंत तुमच्याकडे ठेवणाऱ्या अटी वेगळ्या, डी अक्षराच्या: डीएपी, डीपीयू, डीडीपी. डीडीपीच्या वाटेला पहिल्याच ऑर्डरीत जाऊ नका. त्याच्या देशातलं आयात शुल्क आणि कर तुमच्या डोक्यावर येतात, आणि अनेक देशांत परक्या कंपनीला आयातदार म्हणून नोंदच करता येत नाही. दुसरं टोक ईएक्सडब्ल्यू (एक्स वर्क्स), माल कारखान्याच्या दारात ठेवला की संपलं. ऐकायला मस्त, पण त्यात निर्यातीचं कस्टम्स परदेशी खरेदीदाराच्या अंगावर येतं. तो ते तुमच्या देशात करणार कसा? शेवटी कागदांवर नाव तुमचंच लागतं.

विम्याचा हप्ता

सीआयएफवर माझ्या खात्यातली गोष्ट. सीआयएफमध्ये विक्रेत्याने काढायचा किमान विमा म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (मालविम्याची ठरीव कलमं) ‘सी’, कराराच्या किमतीच्या ११० टक्के रकमेचा. या ‘सी’ मध्ये आग, स्फोट, जहाज बुडणं, उलटणं, रुतणं, टक्कर, अशी मोठी संकटं येतात. चोरी येत नाही. कंटेनरला भोक पडून समुद्राचं पाणी आत गेलं, तेही येत नाही. पेटी चढवताना पडून फुटली, तेही नाही. ‘ए’ घेतलं तर वगळलेल्या गोष्टी सोडून सगळं येतं. २०२० मध्ये सीआयपी (सीआयएफसारखीच, पण कुठल्याही वाहतुकीला चालणारी) या अटीसाठी किमान पातळी ‘ए’ केली, सीआयएफची मात्र ‘सी’ च ठेवली. खरेदीदार ‘विमा आहे’ एवढं वाचून निर्धास्त होतो. पॉलिसीवर कुठलं अक्षर आहे ते बघत नाही.

‘ए’ मध्येसुद्धा खराब पॅकिंग आणि नुसता उशीर या दोन गोष्टी मिळत नाहीत, हे जाता जाता.

मोजमाप

कोटेशनमधल्या ‘पर डब्ल्यू/एम’ बद्दल कुणीच बोललं नाही, आणि पैसे तर त्यावर ठरतात. @नवा निर्यातदार, पेट्यांची मापं आणि वजन द्या बघू.

नवा निर्यातदार

प्रत्येक पेटी १२० x १०० x ९० सेंमी. वजन पेटीसकट ४५० किलो. अशा सहा.

मोजमाप

झकास उदाहरण आहे.

डब्ल्यू/एम म्हणजे वजन किंवा माप, जे जास्त भरेल त्यावर भाडं. समुद्री एलसीएलमध्ये १ घनमीटर बरोबर १ टन धरतात. तुमची पेटी १.०८ घनमीटर, सहा मिळून ६.४८. वजन २.७ टन. ६.४८ मोठं, म्हणजे भाडं ६.४८ ‘रेव्हेन्यू टनां’वर. पितळासारखा जड माल पाठवताय आणि पैसे भरताय जागेचे.

तोच माल विमानाने पाठवा. तिथे लांबी, रुंदी, उंची सेंमीमध्ये गुणून ६००० ने भागतात आणि त्याला व्हॉल्यूमेट्रिक वजन म्हणतात. पेटीमागे १८० किलो, सहा पेट्यांचे १०८० किलो. खरं वजन २७०० किलो. आता वजन मोठं, पैसे वजनाचे! त्याच पेट्या, तोच माल, पण समुद्रावर हलका आणि हवेत जड. (कुरियरवाले बहुधा ५००० ने भागतात, तिथे माप अजून फुगतं.)

यातून तुमच्या कामाचं म्हणजे पेटीत हवा भरून पाठवू नका. उंची ९० ची ७५ केलीत तर पेटी ०.९ घनमीटरची होईल आणि एकूण माप ५.४ वर येईल. भाड्याचा सहावा हिस्सा तिथेच वाचला.

एकच प्रश्न

आणि पूर्ण कंटेनर घेतला तर?

मोजमाप

तो एफसीएल. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा, चाळीस फुटीत ६७, चाळीस फुटी हायक्यूबमध्ये ७६. यांच्या पेट्यांनी वीस फुटीचा पाव हिस्साही भरणार नाही. टीईयू हे माप वीस फुटी कंटेनरचं, म्हणजे एक चाळीस फुटी म्हणजे दोन टीईयू. पितळ, फरशी, कागद असा माल असेल तर जागा संपायच्या आधी वजनाची मर्यादा येते, म्हणून जड मालाला वीस फुटीच बरा.

तांडेल

वजनावरून व्हीजीएम. भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही, असा सोलास या जहाजसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातला नियम १ जुलै २०१६ पासून आहे. एकतर भरलेला कंटेनर काट्यावर घ्या, नाहीतर आतल्या प्रत्येक वस्तूचं, पॅकिंगचं, बांधणीच्या सामानाचं वजन करून त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवा. अंदाज चालत नाही.

लोकांना ही कागदी कटकट वाटते. आम्ही जहाजावर वजनाच्या आकड्यांवरून ठरवतो कुठला डबा (कंटेनर) खाली, कुठला वर, तोलासाठीचं पाणी म्हणजे बॅलास्ट किती. खालच्या थरात ‘हलका’ म्हणून लिहिलेला डबा प्रत्यक्षात जड निघाला तर फार बिघडत नाही. तो वरच्या थरात असेल तर अख्खी रांग कोसळते. २००७ मध्ये इंग्लिश खाडीच्या तोंडाशी ‘एमएससी नापोली’ या जहाजाचा सांगाडा वादळात फुटला. चौकशीत डेकवरच्या डब्यांची वजनं तपासली तेव्हा पाचातला एक डबा सांगितलेल्या वजनापेक्षा ३ टनांहून अधिक फरकाचा निघाला. अपघाताचं मूळ कारण सांगाड्याच्या ताकदीत होतं, पण वजनाच्या थापाही उघड्यावर आल्या.

धागाकर्त्याचा माल एलसीएल असल्यामुळे डब्याचं व्हीजीएम फॉरवर्डर देईल. पण त्याची बेरीज तुम्ही दिलेल्या आकड्यांवर उभी राहणार. ४५० म्हणजे ४५० च असू द्या.

नवा निर्यातदार

पेट्या आजच काट्यावर घेतो. उंचीचंही बघतो, आमचा सुतार उगाच मोठ्या करतो.

आता बीएल. फॉरवर्डर विचारतोय, ‘ओरिजिनल पाहिजे की टेलेक्स?’ काय सांगू?

कागदोपत्री

आधी पैसे कसे मिळणार ते सांगा. सगळे आगाऊ? एलसी? की माल पोचल्यावर?

नवा निर्यातदार

तीस टक्के आगाऊ, उरलेले बीएलची प्रत दाखवल्यावर.

कागदोपत्री

मग ओरिजिनल. आणि टेलेक्स या शब्दाला पैसे खात्यात येईपर्यंत हो म्हणू नका.

बिल ऑफ लेडिंग तीन कामं करतं. माल मिळाल्याची पावती, वाहतूक कराराचा पुरावा, आणि मालावर हक्क सांगणारा दस्तऐवज. तिसरं काम महत्त्वाचं: ओरिजिनल बीएल ज्याच्या हातात, त्याला पलीकडे माल मिळतो. साधारण तीन ओरिजिनल काढतात आणि एकावर माल सुटला की उरलेली दोन निकामी. म्हणजे तीनही तुमच्या कपाटात असायला हवीत. पैसे आले की कुरियरने पाठवा. किंवा तीनही इकडेच जहाजकंपनीकडे परत द्या, ती पलीकडच्या कचेरीला कळवते की कागदाशिवाय माल सोडा. हेच ते टेलेक्स रिलीज, आता ते ईमेलने किंवा त्यांच्या प्रणालीतून जातं. एकदा ते दिलं की तुमच्या हातात काही उरत नाही. सीवे बिल तर पहिल्यापासूनच हक्काचा कागद नसतो, नाव लिहिलेल्या माणसाला ओळख पटवून माल मिळतो. एअरवे बिलही तसंच. म्हणून विमानाने उधारीवर माल पाठवायचा तर फार विश्वास लागतो, किंवा कन्साइनीच्या (माल घेणाऱ्याच्या) जागी बँकेचं नाव.

कन्साइनीच्या चौकटीत सरळ गिऱ्हाइकाचं नाव घातलं तर ते स्ट्रेट बीएल. ‘टू ऑर्डर’ घातलं तर ते मागे सही करून पुढे देता येतं. तुमच्या परिस्थितीत ‘टू ऑर्डर’ आणि नोटिफाय पार्टीत गिऱ्हाइकाचं नाव. नोटिफाय पार्टी म्हणजे माल आल्याची खबर ज्याला द्यायची तो. त्याला मालावर हक्क काहीच नाही.

अजून एक. एलसीएल असल्यामुळे तुम्हाला मिळेल ते फॉरवर्डरचं हाउस बीएल. जहाजकंपनीचं मास्टर बीएल फॉरवर्डरच्या नावावर, आणि त्यावर पलीकडे माल घेणारा त्याचाच एजंट. म्हणजे तुमचा हक्क फॉरवर्डरच्या विश्वासार्हतेवर टांगलेला आहे. स्वस्त कोटेशन देणाऱ्याची चौकशी करा म्हणतात ती यासाठी. आणि इथे परत एफओबीचा फास आहे: एफओबी आणि एफसीए दोन्हीत फॉरवर्डर गिऱ्हाईक नेमतो. पगार त्याचा, तर निष्ठा कुणाशी?

खवचट

+१. माझ्या ओळखीच्या एका माणसाचा माल ओरिजिनल बीएल कपाटात असताना पलीकडे सुटला होता. खरेदीदाराच्याच फॉरवर्डरने सोडला. दावा लागला, पैसे मिळालेही, पण वाट बघून केस पिकले.

‘क्लीन’ बीएलचंही सांगा ना.

कागदोपत्री

माल किंवा पॅकिंग सदोष असल्याचा शेरा नसलेलं ते क्लीन. ‘दोन पेट्या फुटलेल्या’ असा शेरा पडला की ते क्लॉज्ड, आणि एलसीवर बँक ते नाकारते. मग काही महाभाग जहाजकंपनीला लेटर ऑफ इन्डेम्निटी लिहून देतात, ‘शेरा मारू नका, पुढे काही झालं तर आम्ही भरून देऊ.’ सरळ भाषेत हा खरेदीदाराला आणि बँकेला फसवण्याचा करार आहे. अनेक न्यायालयांत अशा पत्राला किंमत मिळत नाही आणि जहाजमालकांना जबाबदारीचा विमा देणारे पी अँड आय क्लबही हात वर करतात. यात पडू नका.

एलसी असती तर तारखाही पाहाव्या लागल्या असत्या. यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ओरिजिनल बीएल मालाच्या रवानगीपासून २१ दिवसांत बँकेत दाखवावं लागतं.

विम्याचा हप्ता

बीएलवर पेट्यांची संख्या नीट लिहून घ्या, तीही विम्याइतकीच कामाची. समुद्री वाहतूकदाराच्या जबाबदारीचे हेग-व्हिस्बी नियम लागू असतील तर माल गहाळ झाल्यावर वाहतूकदाराची जबाबदारी पेटीमागे ६६६.६७ एसडीआर किंवा किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त असेल तेवढ्यावर थांबते. (एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी एकक.) तुमची पेटी ४५० किलो, म्हणजे वजनाने ९०० एसडीआर, त्यामुळे तुम्हाला वजनाचाच हिशेब लागू. पण कुणी १० किलोचे १०० खोके पाठवत असेल आणि बीएलवर ‘१ कंटेनर’ एवढंच लिहिलं असेल, तर मिळणार सगळे मिळून २००० एसडीआर. ‘१०० खोके’ लिहिलं असेल तर तीच मर्यादा ६६,६६७. एका ओळीचा फरक. अमेरिकेच्या १९३६ च्या कायद्यात हीच मर्यादा पेटीमागे ५०० डॉलर आहे.

कुठल्याही मार्गाने पाहिलं तरी व्हॉल्व्हची पूर्ण किंमत वाहतूकदाराकडून वसूल होईल या भरवशावर राहू नये.

एकच प्रश्न

डेमरेज आणि डिटेन्शन यातला फरक मला आजवर कळला नाही. प्रत्येक जण वेगळं सांगतो.

कागदोपत्री

आयातीच्या बाजूने बघा. भरलेला कंटेनर जहाजावरून उतरला आणि फुकट दिवसांनंतरही टर्मिनलच्या आतच पडून आहे, तर जहाजकंपनीचा डेमरेज. तो बाहेर नेला, रिकामा केला, पण फुकट दिवसांत परत केला नाही, तर डिटेन्शन. टर्मिनल स्वतः जागेचं भाडं लावतं ते आणखी वेगळं, त्याला स्टोरेज किंवा ग्राउंड रेंट म्हणतात. म्हणजे टर्मिनलमध्ये पडलेल्या एकाच डब्यावर एकाच दिवशी दोन मीटर चालू असू शकतात. शिवाय हे दर पायऱ्यापायऱ्यांनी चढतात, पहिल्या काही दिवसांना कमी आणि पुढे भरमसाठ. काही कंपन्या दोन्हींची मोट बांधून एकच मुदत देतात. म्हणून कोटेशनवर ‘फ्री टाइम’ दिसला की विचारा: कशाचा, आणि दिवस कुठून मोजायचे.

धागाकर्त्याच्या एलसीएल मालाला हे थेट लागत नाही. त्याच्या गिऱ्हाइकाला पलीकडच्या सीएफएसचं गोदामभाडं लागेल.

तांडेल

थांबा, थांबा. आमच्या सुट्या मालाच्या, कोळसा-धान्य-खनिजाच्या जहाजांवर डेमरेज म्हणजे वेगळंच. तिथे डबाच नाही. अख्खं जहाज भाड्याने घेतलेलं असतं आणि चार्टर पार्टीत, म्हणजे त्या भाड्याच्या करारात, माल चढवायला-उतरवायला ठरावीक वेळ दिलेला असतो, तो लेटाइम. त्यापेक्षा जास्त वेळ जहाज अडकवून ठेवलं तर चार्टररने (भाड्याने घेणाऱ्याने) मालकाला द्यायची रक्कम म्हणजे डेमरेज. लवकर मोकळं केलं तर उलटे पैसे मिळतात, त्याला डिस्पॅच म्हणतात आणि तो बहुधा डेमरेजच्या निम्म्या दराने असतो.

मीटर सुरू होतो तो कॅप्टनने नोटीस ऑफ रेडिनेस दिल्यावर. यावरून होणारे वाद ऐकाल तर थक्क व्हाल: नांगरावर असताना दिलेली नोटीस चालते का, कोठारं स्वच्छ नसताना दिली तर काय, पावसाचे तास धरायचे का, रविवार धरायचा का. आणि लेटाइम संपून डेमरेज सुरू झालं की मग पाऊस, रविवार, सण, सगळे मोजले जातात, करारात उलट लिहिलं नसेल तर.

म्हणून वर दिलेल्या प्रश्नाचं उत्तर ‘प्रत्येक जण वेगळं सांगतो’ यातच आहे. ते वेगवेगळ्या करारांबद्दल बोलत असतात.

मोजमाप

तांडेलजी, टनांचा घोळही तुम्हीच सोडवा. जीटी आणि डीडब्ल्यूटी.

तांडेल

जीटी, ग्रॉस टनेज, हे वजनच नाही. जहाजाच्या आतल्या बंदिस्त जागेवरून काढलेला आकडा आहे, १९६९ च्या टनेज करारातल्या सूत्राने. बंदराची फी, किती खलाशी-अधिकारी हवेत, असले नियम त्यावर चालतात. डीडब्ल्यूटी, डेडवेट टनेज, मात्र वजन: माल, इंधन, पाणी, शिधा, माणसं मिळून जहाज किती टन पेलेल. वृत्तपत्रांत ‘दोन लाख टनांचं जहाज’ वाचलं की कुठले टन हे कधीच कळत नाही. कंटेनर जहाजांची तर टीईयूत सांगितलेली क्षमताही जाहिरातीपुरती, प्रत्येक डबा १४ टनांचा धरला की ती बरीच खाली येते.

एकच प्रश्न

जनरल अ‍ॅव्हरेज राहिलं. सुएझमध्ये जहाज अडकलं तेव्हा बातम्यांत ऐकलं होतं.

विम्याचा हप्ता

जहाज आणि माल दोन्ही एकाच संकटात असताना सगळ्यांना वाचवण्यासाठी जाणूनबुजून काही त्याग किंवा खर्च केला, तर तो वाचलेल्या सगळ्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा. हिशेब यॉर्क-अँटवर्प नियमांनी होतो. ‘एव्हर गिव्हन’ २३ मार्च २०२१ ला रुतलं, २९ ला सुटलं. त्यावर अठरा हजारांहून जास्त कंटेनर होते, आणि मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. माल पूर्ण सुखरूप असलेल्यांनाही हमी दिल्याशिवाय तो मिळणार नव्हता. विमा असेल तर हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख अनामत, आणि हिशेब मिटायला वर्षं जातात. ‘सी’ अक्षराच्या स्वस्त विम्यातसुद्धा जनरल अ‍ॅव्हरेजचा वाटा भरून मिळतो, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

नवा निर्यातदार

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. कोटेशनमधले बीएएफ, कटऑफ आणि ‘सब्जेक्ट टू जीआरआय’ तेवढे राहिले. आणि गिऱ्हाइकाला नेमकं काय लिहू?

कागदोपत्री

बीएएफ हा इंधनाच्या दरानुसार हलणारा अधिभार. जीआरआय म्हणजे जहाजकंपनीने जाहीर केलेली सरसकट दरवाढ. ‘सब्जेक्ट टू’ असल्यामुळे हातातला दर बुकिंगच्या वेळी टिकेलच असं नाही, वैधतेची तारीख लेखी मागा. कटऑफ तीन असतात: माल सीएफएसला पोचवण्याची, बीएलचा मजकूर देण्याची आणि व्हीजीएमची वेळ. यातली एक चुकली तरी माल पुढच्या जहाजावर ढकलला जातो. तुमचं सगळं वेळेत असूनही जहाज भरलं म्हणून ढकलला, तर तो रोलओव्हर. जहाजकंपनीने फेरीच रद्द केली तर ब्लँक सेलिंग. म्हणून गिऱ्हाइकाला पोचण्याची तारीख कबूल करू नका, माल ताब्यात देण्याची करा.

लिहायचं असं: ‘एफसीए, अमुक सीएफएस, अमुक बंदर, इन्कोटर्म्स २०२०’. त्याखाली ‘खरेदीदार आपल्या वाहतूकदाराला ऑन बोर्ड शेऱ्याचं बीएल विक्रेत्यास देण्याची सूचना करेल’. सीएफएसचं पूर्ण नाव आणि पत्ता. पैशांची अट आणि मालकीहक्क कधी जाणार ते स्वतंत्र ओळीत. गिऱ्हाईक एफओबीवरच अडून बसला तर सोडून देऊ नका ऑर्डर, पण मग गोदामापासून जहाजापर्यंतच्या काळाचा विमा तुमच्या नावाने काढा आणि तो खर्च दरात धरा.

खवचट

तो अडून बसणार. सगळे बसतात.

मोजमाप

पेट्या लाकडी आहेत ना? कच्च्या लाकडाच्या असतील तर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का लागेल. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. सुताराला उंची कमी करायला सांगाल तेव्हाच हेही सांगा, कारण प्रक्रिया केलेल्या पेटीत नंतर प्रक्रिया न केलेली साधी फळी घातली तरी शिक्का बाद होतो. प्लायवूडची पेटी केलीत तर प्लायवूडला ही अट नाही, पण खालचे ठोकळे भरीव लाकडाचे असतील तर त्यांना आहे.

नवा निर्यातदार

खालचे ठोकळे भरीवच आहेत. सुताराला फोन लावतो.